पुढच्या थांब्यावरचे प्रवासी वेबिलात धरू नका

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून): मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी राहणारे हे काका एसटीत वाहक होते. 1983 मध्ये लागले, मे 2013 मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. आज वय सत्तर. पेन्शन महिना सुमारे 2,100 रुपये. निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड मुलीचं लग्न आणि घराचा स्लॅब यांत गेला, 1,80,000 रुपयांची एक ठेव उरली आहे. मुलाला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानासाठी गाळा घ्यायचाय आणि त्याच्या डिपॉझिटला दीड लाख हवेत. काकांच्या मोबाईलवर रोज मेसेज येतात की पेन्शनचं विधेयक आलं, किमान पेन्शन 7,500 झाली, कुठे 10,000 झाली. तेव्हा ठेव मोडायला हरकत नाही असं त्यांना वाटतं, काकूंचा सक्त विरोध आहे. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही ‘वाढ आली की करू’ म्हणून दीड वर्ष थांबलंय. गावातला एक जण ‘वाढीव पेन्शनचा फॉर्म’ भरून देण्याचे माणशी 2,500 रुपये घेतोय. जुने सहकारी दिल्लीच्या आंदोलनाला चला म्हणतात. मुलगा म्हणतो, “या वयात कशाला लाचारी करता?” शेजारच्या निवृत्त गुरुजींची 41,000 पेन्शन रोज डोळ्यांसमोर आहे. काका विचारतात: “ताई, हक्काचं मागणं ही लाचारी आहे का? आणि वाढ होणारच आहे, तर ठेव मोडली तर बिघडलं कुठे?”

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आकडे तुम्ही एकाखाली एक, रुपयांचा रकाना वेगळा ठेवून लिहिलेत. तीस वर्षं रात्री आगारात वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवल्याशिवाय घरी न गेलेल्या माणसाचं ते अक्षर आहे. म्हणून तुमच्याशी हिशेबाच्याच भाषेत बोलते. पण आधी लाचारीचं, कारण पत्रात तो शब्द तुम्ही तीन वेळा लिहिलाय आणि तिन्ही वेळा त्याच्याखाली रेघ ओढलीय.

डी. एस. नकारा नावाचे केंद्र सरकारचे एक निवृत्त अधिकारी होते. 31 मार्च 1979 च्या आधी निवृत्त झालेल्यांना पेन्शनचं सुधारित सूत्र लागू नाही, असं सरकारनं ठरवलं होतं. ते सुप्रीम कोर्टात गेले. 17 डिसेंबर 1982 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला, सरन्यायाधीश आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली खैरात नाही, केलेल्या नोकरीचा तो मोबदला आहे, आणि केवळ तारखेची रेघ मारून एकाच वर्गातल्या निवृत्तांची दोन गटांत वाटणी करता येणार नाही, असं त्या निकालात आहे. दरवर्षी 17 डिसेंबरला निवृत्तांच्या संघटना पेन्शनर दिन पाळतात तो यासाठी. तो निकाल सरकारी पेन्शनचा आहे. तुमची पेन्शन वेगळ्या फंडातून येते, त्यामुळे तो जसाच्या तसा तुम्हाला लागू पडत नाही. पण मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. राबून झाल्यावर मोबदला मागणाऱ्याला लाचार म्हणत नाहीत. मुलाला हे रागानं सांगू नका, एका संध्याकाळी शेजारी बसवून सांगा. त्याला तुमची लाज वाटत नसावी. बाप उन्हात घोषणा देत उभा आहे हे चित्र त्याला सोसत नसेल, आणि ते सांगता येत नाही म्हणून तो ‘लाचारी’ म्हणून मोकळा होत असेल.

आता दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं सगळा गुंता इथेच आहे. तुमच्या मोबाईलवर येणारे मेसेज एका पेन्शनचे नाहीत. चार वेगळ्या पेन्शन आहेत, चौघींचे नियम वेगळे, तिजोऱ्या वेगळ्या, आणि मेसेज पुढे ढकलणारा चौघींनाही नुसतं ‘पेन्शन’ म्हणतो.

गुरुजींची पेन्शन 1982 च्या महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांची. शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, तोही वाढत जाणारा, आणि सगळी राज्याच्या तिजोरीतून. त्यांच्यानंतर, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे, लागलेल्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना तीही मिळत नाही. त्यांच्या पगारातून कापून बाजारात गुंतवणारी योजना आली. त्यासाठीच मार्च 2023 मध्ये राज्यभर आठवडाभर संप झाला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ तुम्हीही ऐकलं असेल. त्यानंतर 2024 मध्ये राज्यानं त्यांच्यासाठी शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारी सुधारित योजना आणली. तिसरी केंद्राची यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना. तिला 24 ऑगस्ट 2024 ला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि 1 एप्रिल 2025 पासून ती लागू झाली. किमान दहा वर्षं नोकरी असेल तर महिना 10,000 ची हमी आहे ती या योजनेत. तुमच्या मोबाईलवरचे ते 10,000 हेच, काका. ते केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे आहेत. तुमचे नाहीत.

तुमची चौथी: कर्मचारी पेन्शन योजना 1995, जिला सगळे ईपीएस-95 म्हणतात. एसटी हे महामंडळ. गाडीवर ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेलं असलं, अंगावर खाकी असली, निवडणुकीच्या पेट्या तुमच्याच गाड्यांनी वाहिल्या असल्या, तरी कागदावर तुम्ही राज्य सरकारचे कर्मचारी नव्हता. 2021-22 मध्ये तुमच्या मागून आलेल्या पोरांनी पाच महिन्यांहून जास्त संप केला तो एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण व्हावं म्हणून, आणि त्यात पेन्शनचं दुखणं होतंच. त्रिसदस्यीय समितीनं विलीनीकरण शक्य नाही म्हणून सांगितलं. तेव्हा आज तुमचा हिशेब केंद्राच्या योजनेशी आहे. आमदारसाहेबांना भेटून तो सुटणार नाही. खासदारांना भेटावं लागेल.

तुमचे 2,100 आले कुठून ते मांडून दाखवते, म्हणजे वाढ आलीच तर ती कुठून येईल हेही कळेल. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झाली. तिथपासून मे 2013 पर्यंत साडेसतरा वर्षं आणि वर काही दिवस, ती 18 धरली जातात. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं, भागिले 70. तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सतरा हजारांवर होता असं तुम्ही लिहिता, पण या योजनेत धरला गेला फक्त 6,500, कारण तेव्हा तेवढीच कमाल मर्यादा होती. 6,500 गुणिले 18 भागिले 70 म्हणजे 1,671. उरलेले चारेकशे 1995 च्या आधीच्या बारा वर्षांचे, ते वेगळ्या तक्त्यानं येतात. झाले तुमचे 2,100. त्यावर महागाई भत्ता नाही. 2013 मध्ये जो आकडा होता तोच आज आहे, गहू-तेलाचा भाव काहीही होवो.

सरकारची बाजूही ऐकून घ्या. आंदोलनाच्या मांडवात ती कुणी सांगणार नाही, आणि ती माहीत असेल तरच तुम्हाला नीट उत्तर देता येईल. मालकाच्या हिश्श्यातून 8.33 टक्के या फंडात जातात. 6,500 वर ते होतात महिना 541 रुपये. केंद्र 1.16 टक्के घालतं. एवढ्यावर 7,500 आणि वर महागाई भत्ता द्यायचा तर फंड पुरणार नाही, हिशेबतज्ज्ञांच्या पाहणीत फंडात तूट दिसते, असं उत्तर संसदेत वारंवार दिलं गेलंय. आणखी एक अडचण आहे. सप्टेंबर 2014 पासून मर्यादा 15,000 झाली. त्या मर्यादेवर पस्तीस वर्षं पूर्ण नोकरी केलेल्यालाही सूत्रानं 7,500 च येतात. म्हणजे मागणी जशीच्या तशी मान्य झाली तर किमान आणि कमाल एकच होईल, सूत्रच बदलावं लागेल. हे एका रात्रीत होणारं काम नाही.

पण यावर तुमच्याकडे उत्तर आहे आणि ते ठामपणे द्या. 541 च भरायचे हे वाहकानं ठरवलं नव्हतं. पगाराची मर्यादा जून 2001 पासून सप्टेंबर 2014 पर्यंत, तेरा वर्षं, 6,500 वर कुणी गोठवून ठेवली? या तेरा वर्षांत पगार वाढले, भाडी वाढली, डिझेल वाढलं, मर्यादा तेवढी जागची हलली नाही. ज्यानं गोठवली त्यानं आता अर्थसंकल्पातून भर घालावी, हे मागणं माझ्या मते पूर्ण न्याय्य आहे. आणि तशी भर सरकार आजही घालतंच. किमान 1,000 ची हमी पाळण्यासाठी ज्यांना त्याहून कमी बसतं त्यांचा फरक सरकारी तिजोरीतूनच दिला जातो. तत्त्व मान्य झालेलं आहे, भांडण आकड्याचं आहे.

आकड्याचा इतिहासही ध्यानात ठेवा. राज्यसभेच्या याचिका समितीनं 2013 मध्ये या योजनेवर अहवाल दिला. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. किमान पेन्शन 3,000 करा आणि तिला महागाईशी जोडा, अशी शिफारस होती. पुढच्या वर्षी प्रत्यक्षात मिळाले 1,000, आणि महागाईची जोड मिळाली नाही.

ते 1,000 आले तेव्हाची आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. माझे वडील सूतगिरणीत होते, त्यांची पेन्शन 1,140. सप्टेंबर 2014 मध्ये ‘पेन्शन वाढली’ ही बातमी पेपरात पहिल्या पानावर होती. आण्णांनी ती कात्रीनं कापून देवघरात ठेवली, अर्धा किलो पेढे आणले, गल्लीत वाटले. आईला म्हणाले, आता दर महिन्याला फळं आणायची. पुढच्या महिन्यात पासबुक भरायला मीच गेले होते. मशीन करकरत थांबलं, मी पान उघडलं. 1,140. आण्णांना वाटलं मशीन चुकलं असेल, म्हणून आम्ही खिडकीवर विचारलं. वाढ एक हजाराच्या आतल्यांना होती. ते आधीपासून एकशे चाळीसनं वर होते, त्यांना एक रुपयाही मिळणार नव्हता. बातमी खोटी नव्हती, काका. ती त्यांची नव्हती, एवढंच. परत येताना आण्णा रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर देवघरातलं कात्रण काढून पंचांगाच्या आत ठेवलं. अजून तिथंच आहे.

तुमच्या ठेवीच्या प्रश्नाचं उत्तर मी यावरून देते. समजा, उद्या किमान पेन्शन खरोखर वाढली. कोश्यारी समितीच्या शिफारशीइतकी, म्हणजे 3,000 झाली, तर तुमच्या हातात महिना 900 वाढतील. 2,000 वर थांबली तर शून्य. 7,500 झाली तर आनंदच आहे. यातलं काय होईल, कधी होईल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि जो सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. मागणीचं निवेदन दिलं जातं, मंत्री आश्वासन देतात, समिती बसते, अर्थखातं होकार देतं, मग अधिसूचना निघते, आणि अधिसूचनेतल्या तारखेपासून रक्कम बदलते. या योजनेत किमान रक्कम बदलायला संसदेत विधेयकच यावं लागतं असं नाही, 2014 ची वाढही अधिसूचनेनंच झाली. म्हणून ‘विधेयक मंजूर झालं’ असा मेसेज दिसला की आधी समजा, लिहिणाऱ्याला ही योजनाच माहीत नाही. आणि विधेयकं वाढवायलाच येतात असंही नाही. मार्च 2025 मध्ये संसदेनं वित्त विधेयकाबरोबर केंद्राच्या पेन्शनरांबाबत एक भाग मंजूर केला, त्यात निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये फरक करण्याचा अधिकार सरकारला असल्याचं नोंदवून घेतलं. ज्या भेदाविरुद्ध नकारा भांडले, जवळपास तोच.

आता तुम्हीच सांगा. गाडी फाट्यावर उभी आहे, पुढच्या गावाला जत्रा आहे, तिथे चाळीस माणसं चढणार हे सगळ्यांना माहीत आहे. ती चाळीस तिकिटं तुम्ही फाट्यावरच वेबिलात चढवली असती का? तपासणीस आला असता तर काय उत्तर दिलं असतं? ठेव मोडणं म्हणजे तेच करणं आहे.

ठेवीकडे तुम्ही ‘पडून आहे’ असं बघता, ते मला पटत नाही. हेच 1,80,000 पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत तर, एप्रिल 2023 पासून तिथे 8.2 टक्के व्याज आहे, वर्षाला 14,760 होतात. दर तिमाहीला 3,690. म्हणजे महिना 1,230. तुमच्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त! ज्या वाढीसाठी तुम्ही दिल्लीला निघालात त्यातला मोठा भाग तुमच्या कपाटातल्या पावतीत आहे, आणि ती पावती तुम्ही गाळ्याच्या मालकाला देऊन टाकायला निघालात. सध्याच्या बँकेतली ठेव मुदत संपेपर्यंत ठेवा, मधे मोडलीत तर व्याजही कापतील. मुदत संपली की पोस्टात जा.

अजून एक आकडा लिहिते. तो लिहिताना हात जड होतो, पण काकूंचा विरोध नेमका याच आकड्यामुळे असावा, त्यांना तो मांडता येत नसेल एवढंच. तुमच्या माघारी काकूंना या योजनेत तुमच्या पेन्शनच्या निम्मी पेन्शन मिळेल. 1,050 रुपये. त्यात औषधं, लाईट बिल, दळण, सगळं. तेव्हा ती ठेव तुम्ही मोडायची की नाही हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. तुमच्यापेक्षा जास्त तो त्यांचा आहे. घरात त्यावर बोलणं होईल तेव्हा त्यांनाही बसवा, चहा करायला आत पाठवू नका.

मग मुलाचं काय? त्याला हात हलवत परत पाठवा असं मी म्हणत नाही. हाताला काम असलेला मुलगा गावातच दुकान काढू म्हणतो, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच्यापुढे कर्जाची वाट आहे, तुमच्यापुढे नाही. सत्तरीतल्या माणसाला बँक सहसा कर्ज देत नाही, तिशीतल्या कारागिराला देऊ शकते. मुद्रा योजनेत किशोर गटात 50,000 पासून 5 लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. फेऱ्या माराव्या लागतील, मॅनेजर दोनदा परत पाठवेल, कोटेशन मागेल, गाळ्याचा करारनामा मागेल. त्या फेऱ्या त्यानं माराव्यात. सोबत हवी तर तुम्ही जा, कागद लावून देण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. आणि तरीही त्याला काही द्यावं असं मनात असेल, तर वर्षभराचं व्याज साठवून त्यातून द्या, मुद्दलाला हात लावू नका. दीड लाखाऐवजी चौदा हजार मिळाले म्हणून पहिले आठ दिवस तो रुसेल. रुसू द्या.

2,500 रुपयेवाल्या माणसाला मात्र आजच ‘नको’ म्हणा. ‘वाढीव पेन्शन’ आणि ‘किमान पेन्शनमध्ये वाढ’ ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत, आणि तो त्याच घोळावर पैसे कमावतोय. वाढीव म्हणजे 6,500 किंवा 15,000 ऐवजी पूर्ण पगारावर पेन्शन. त्याबद्दल सुप्रीम कोर्टानं 4 नोव्हेंबर 2022 ला निकाल दिला. 1 सप्टेंबर 2014 च्या आधी जे निवृत्त झाले आणि ज्यांनी नोकरीत असताना तसा पर्याय लिहून दिला नव्हता, त्यांना त्याचा लाभ नाही. तुम्ही मे 2013 चे, आणि पर्याय दिला नव्हता असं तुम्हीच लिहिलंय. ज्यांना संधी होती त्यांचीही अर्जाची मुदत 11 जुलै 2023 ला संपली. म्हणजे तो माणूस कशाचा फॉर्म भरतोय हे त्यालाच विचारा, गावातल्या चार जणांसमोर विचारा. ज्यांनी आधीच पैसे दिलेत त्यांनाही सोबत घ्या.

तुमच्यासारख्याच पण 1 सप्टेंबर 2014 नंतर निवृत्त झालेल्या आणि मुदतीत अर्ज केलेल्या वाचकांसाठी इथेच एक सांगते. तुमचा अर्ज कुठे अडलाय हे तोंडी ऐकून गप्प बसू नका, लेखी मागा. मंजूर झालाच तर फंडाला उलट काही लाख भरायची नोटीस येते. भरण्याआधी कागद घेऊन बसा: महिना किती वाढणार, भरलेले पैसे किती वर्षांत वसूल होणार, आणि मागे जोडीदाराला किती मिळणार. वय बासष्ट असताना जो व्यवहार फायद्याचा असतो तो पंचाहत्तरीत नसतो.

दिल्लीचं. या थंडीत जाऊ नका, असं माझं मत आहे. कारण आंदोलन चुकीचं आहे असं नाही, कारण काकूंचा डोळा आहे, त्याचं पुढे लिहिते. आंदोलनाला मी मनापासून मानते. बुलढाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर डिसेंबर 2018 मध्ये साखळी उपोषण सुरू झालं आणि ते वर्षानुवर्षं चाललं, म्हातारी माणसं पाळीपाळीनं येऊन बसली. आज या पेन्शनरांचा प्रश्न संसदेत निघतो तो त्यांच्यामुळे. देशात असे सुमारे 78 लाख पेन्शनर आहेत, एसटीचे, वीज मंडळाचे, साखर कारखान्यांचे, सूतगिरण्यांचे, आणि त्यांच्यासाठी रस्त्यावर बसलेले त्यांतले मूठभर. तेव्हा दिल्लीला गेला नाहीत म्हणून मागे हटलात असं समजू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी धरणं असेल त्या दिवशी जा, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी.

आणि एक काम तुमच्याइतकं नेटकं कुणी करू शकणार नाही. खासदारांना एक पानी पत्र लिहा. त्यात घोषणा नकोत, ‘अन्याय’ हा शब्दही एकदाच येऊ द्या. फक्त आकडे, जसे मला लिहिलेत तसे. सतरा हजार पगार, धरले 6,500, महिना फंडात गेले 541, पेन्शन 2,100, बारा वर्षांत वाढ शून्य, पत्नीला मागे 1,050. खाली एकच विनंती: अधिवेशनात यावर लेखी प्रश्न विचारा आणि उत्तराची प्रत मला पाठवा. स्पीड पोस्टनं पाठवा, पोच जपून ठेवा. तुमच्या आगारातून निवृत्त झालेल्या वीस जणांनी आपापल्या आकड्यांचं असं पत्र पाठवलं तर एका छापील निवेदनावरच्या दोनशे सह्यांपेक्षा त्याचं वजन जास्त असतं, कारण वीस वेगळे आकडे खोटे म्हणता येत नाहीत. 2013 चा तो अहवालही नागरिकांनी संसदेकडे पाठवलेल्या याचिकेवरूनच निघाला होता.

कागदांचं एक बघा. पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, काकूंचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव-तारीख जुळतं का? तुम्ही लिहिलंय की आधारवर त्यांचं माहेरकडचं नाव आहे. हे आत्ता दुरुस्त करून घ्या, तुम्ही चालते-फिरते असताना. नंतर त्यांना एकट्यांना ते जमणार नाही. भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचं ‘निधी आपके निकट’ शिबिर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात भरतं, तिथे मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या. त्याचे पैसे पडत नाहीत. हयातीचा दाखला दिलेल्या दिवसापासून वर्षभर चालतो, त्यासाठी नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहण्याची गरज नाही. आण्णांची बोटं सुतानं गुळगुळीत झाली होती, यंत्रावर ठसा उमटायचा नाही आणि एका वर्षी त्यांची पेन्शन दोन महिने थांबली. तुमचीही बोटं तिकिटं फाडून तशीच झाली असतील. आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, मुलाला सांगा. मोबाईलचंच काम आहे, त्याला ते आवडीनं जमेल.

आणि काकूंचा डोळा. दीड वर्ष ज्या वाढीची वाट बघत ऑपरेशन थांबलंय, त्या ऑपरेशनला पैसेच लागत नाहीत. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं. तुमचं सत्तर पूर्ण झालंय, तेव्हा तुमचं स्वतःचं आयुष्मान वय वंदना कार्डही त्याच फेरीत काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही. काकूंची आधी शुगर आणि बीपी तपासतील, म्हणून पहिल्या दिवशी उपाशीपोटी न्या आणि डबा सोबत ठेवा. येत्या सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा. गाडीत काकूंना खिडकीपाशी बसवू नका, वारा डोळ्याला लागेल.

— तुमची ताई